पदकाच्या कडेवरचे वऱ्हाड

ईस्ट इंडिया कंपनीच्या जुन्या फौजेसाठी १८५१ साली मंजूर झालेल्या ‘आर्मी ऑफ इंडिया’ पदकाला लढायांच्या नावांच्या एकूण २१ पट्ट्या होत्या. ज्या लढाईत शिपाई हजर होता तिची चांदीची अरुंद पट्टी पदकाच्या वरच्या कडीला जोडून मिळे. या २१ पैकी १० पट्ट्या आजच्या महाराष्ट्रातल्या आहेत: असई, अडगाव, गाविलगड, खडकी, पुणे, खडकी व पुणे एकत्र, सीताबर्डी, नागपूर, सीताबर्डी व नागपूर एकत्र आणि कोरेगाव. त्यांतल्या दोन वऱ्हाडच्या. अडगाव अकोला जिल्ह्यात तेल्हारा तालुक्यात आहे आणि गाविलगड अमरावती जिल्ह्यात, चिखलदऱ्याच्या शेजारी. ही पदके आज लिलावांत मोठ्या किमतीला विकली जातात. त्यांची पारख करणारे लोक पदकावरच्या आडव्या रेघेची लांबी, अक्षरांची उंची, कडेवरचे नाव ठशाने मारले आहे की सुईने कोरले आहे, अशा बारकाव्यांवर तासन् तास घालवतात. हा छांदिष्टांचा नसता खटाटोप आहे असे मानून इतिहास लिहिणारे त्याकडे फिरकत नाहीत. माझे म्हणणे असे आहे की वऱ्हाडच्या इतिहासाला हे बारकावे हवे आहेत. लढाईबद्दल पदक जवळजवळ काहीच सांगत नाही. पण ते देणाऱ्या कचेरीने कोणाला मोजले, कोणाला कसे लिहिले आणि कोणाला वगळले, हे त्याच्या घडणीच्या खुणांत जितके स्पष्ट दिसते तितके सरकारी अहवालांतही सापडत नाही.

आधी लढाई काय होती ते पाहू. २३ सप्टेंबर १८०३ ला असईत शिंद्यांची कवायती पलटणे मोडली. त्यानंतर आर्थर वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन यांच्या फौजा वऱ्हाडच्या सपाटीवर एकत्र आल्या. २९ नोव्हेंबरला अडगावच्या मैदानात, उत्तरेला सातपुड्याची रांग असताना, दुसऱ्या रघूजी भोसल्यांचे भाऊ व्यंकोजी ऊर्फ मन्याबापू यांची फौज समोर उभी राहिली. बाजूला शिंद्यांचे घोडदळ होते. मराठ्यांच्या तोफा सुरू होताच कंपनीच्या मद्रासी शिपायांच्या काही पलटणी पांगल्या. वेलस्लीने त्या स्वतः पुन्हा उभ्या केल्या आणि मगच लढाई पुढे सरकली. भोसल्यांच्या बाजूने अरबांची एक तुकडी ७४ आणि ७८ क्रमांकाच्या स्कॉटिश पलटणींवर चालून गेली आणि तिथेच कापली गेली. संध्याकाळपर्यंत ३८ तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या. मग गाविलगड. स्टीव्हन्सनच्या लोकांनी डोंगरातून वाट काढत तोफा गडाच्या उत्तरेला ओढून नेल्या, १२ डिसेंबरपासून मारा सुरू झाला आणि १५ डिसेंबरला हल्ला झाला. बाहेरचा कोट पडल्यावरही आतला कोट उभा होता. ९४ व्या पलटणीची हलकी कंपनी कॅप्टन कॅम्बेलच्या मागे शिड्या लावून चढली, तेव्हा तो पडला. किल्लेदार बेणीसिंग गडावरच लढता लढता मारला गेला. दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावचा तह झाला आणि ३० डिसेंबरला शिंद्यांशी सुर्जी अंजनगावचा. सुमारे एका महिन्यात उत्तर वऱ्हाडातल्या चार ठिकाणांची नावे हिंदुस्थानच्या राजकारणात आली.

देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेला आणि निजामाकडे आला. पण नरनाळा आणि गाविलगड हे दोन किल्ले, आसपासच्या मुलखासह, भोसल्यांकडेच ठेवावेत असे त्याच तहात ठरले. म्हणजे ज्या गडाच्या नावाची पट्टी चांदीत पाडली गेली, तो गड जिंकल्यानंतर दोन दिवसांत कागदावर हरणाऱ्याकडे परत गेला होता. पदक पाहून हे कळण्याचा मार्ग नाही. पट्टीला एवढेच माहीत आहे की एक गड घेतला. लढाई, तह आणि मुलखाची वाटणी यांची गुंतागुंत एका इंग्रजी शब्दात बसवल्यावर जे उरते ते पट्टीवर आहे. म्हणून पदकाला लढाईचा साक्षीदार मानणे मला सुरुवातीपासूनच चुकीचे वाटते.

साक्षीदार मानायला दुसरीही अडचण आहे, ती काळाची. अडगावची लढाई आणि तिची पट्टी यांच्यात ४८ वर्षे गेली. नेपोलियनविरुद्धच्या लढायांत लढलेल्या जुन्या सैनिकांसाठी १८४७ मध्ये इंग्लंडात एक पदक निघाले. हिंदुस्थानात लढलेले तेव्हा मागे राहिले होते, त्यांच्यासाठी हे १८५१ चे. पदक फक्त हयात असलेल्यांना मिळायचे होते. १८०३ मध्ये वीस वर्षांचा असलेला शिपाई १८५१ मध्ये अडुसष्ट वर्षांचा झाला होता. संग्राहकांच्या सूचींत अडगावच्या पट्ट्यांची संख्या १२६ आणि गाविलगडच्या पट्ट्यांची ११० येते, तर १८२४ ते १८२६ च्या ब्रह्मदेशाच्या लढाईच्या पट्ट्या २,३०० च्या वर आणि १८२६ मध्ये पडलेल्या भरतपूरच्या हजारावर. हे आकडे बघून ब्रह्मदेशाची लढाई अडगावच्या अठरापट मोठी होती असे कोणी म्हणणार नाही. अडगावला कंपनीकडून सुमारे ११ हजार माणसे उभी होती. आकड्यांतला फरक मृत्यूने पाडलेला आहे. कोण वाचला, कोणाला जाहिरात कळली, कोणी अर्ज केला आणि कोणाचा अर्ज मान्य झाला, याची ही नोंद आहे. पदकाच्या मागच्या बाजूला १७९९–१८२६ अशी साले आहेत, पण २१ पट्ट्यांतली सर्वांत जुनी पट्टी अलीगडची, ४ सप्टेंबर १८०३ ची. पदकाने सांगितलेली पहिली चार वर्षे पट्ट्यांत नाहीतच. सातबारा पाहून कोणी त्या रानात किती पीक आले ते सांगत नाही, मालकी कोणाच्या नावावर लागली एवढेच सांगतो. पदकाचेही तसेच वाचन करायला हवे.

आता खुणांकडे. बर्मिंगहॅमच्या सोनाराने चांदीच्या भांड्यावर उमटवावा तसा कारखान्याचा शिक्का या पदकांवर नसतो, म्हणून नवखा माणूस ‘बनावट कोणाची’ हे शोधताना गोंधळतो. इथे घडवणाऱ्याची ओळख चार-पाच ठिकाणी विखुरलेली असते: ठसा कोरणाऱ्याची सही, ठशातले फरक, वरची कडी आणि तिला धरणारे आकडे, पट्टीची घडण, आणि कडेवर नाव घालण्याची पद्धत. ‘आर्मी ऑफ इंडिया’ पदक लंडनच्या रॉयल मिंटमधले, ठसा विल्यम वायनचा. वायन १८५१ मध्येच वारला, म्हणजे हे त्याच्या अखेरच्या कामांपैकी. पुढच्या बाजूला राणी व्हिक्टोरियाचे डावीकडे पाहणारे मस्तक, मागे बसलेली पंखांची विजयदेवता, तिच्याजवळ हत्यारांची रास आणि ताडाचे झाड, वर ‘हिंदुस्थानच्या फौजेस’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ, खाली साले. भिंग लावून खालची साले पाहिली की पहिला फरक दिसतो. काही पदकांवर १७९९ आणि १८२६ यांच्यामधली आडवी रेघ लांब आहे, काहींवर आखूड. मागच्या बाजूच्या अक्षरांतही मोठे आणि लहान असे प्रकार आहेत. म्हणजे मागच्या बाजूचा ठसा एकदाच कोरून काम भागले नव्हते. तो पुन्हा करावा लागला आणि दर वेळी हात थोडा वेगळा पडला. शिवाय या पदकाच्या पट्ट्या वरून खाली वाचायच्या असतात, जुनी लढाई सर्वांत वर आणि शेवटची पदकाला लागून. इतर बहुतेक ब्रिटिश पदकांत नेमके उलट असते. हे ठाऊक नसलेल्याने पट्ट्या ‘नीट’ क्रमाने लावून ठेवल्या असतील, तर त्याने पदक नीट केले नाही, बिघडवले.

या सगळ्यांत मला सर्वांत बोलकी वाटते ती कड. पदकाची कड जेमतेम काही मिलिमीटर रुंद. तिच्यावर माणसाचे नाव, हुद्दा, पलटण. नाव घालण्याच्या दोन पद्धती होत्या. एकीत प्रत्येक अक्षराचा पोलादी ठसा कडेवर ठोकला जाई. अशा अक्षराची खाच सरळ भिंतीची असते, सगळी अक्षरे एका मापाची असतात, आणि भिंगाखाली अक्षराच्या काठाशी दाबल्या गेलेल्या चांदीचा किंचित उंचवटा दिसतो. दुसरीत कारागीर हाताने कोरत असे. त्याची रेघ कुठे जाड, कुठे बारीक होते, तळाशी निमुळती असते, आणि वळणावर हाताचा कल ओळखता येतो. ‘आर्मी ऑफ इंडिया’ पदकांत गोऱ्या सैनिकांची नावे प्रामुख्याने ठशाची, हिंदी शिपायांची बहुधा कोरलेली. हा फरक एका पदकापुरता नाही. १८८० च्या काबूल ते कंदाहार कूचेसाठी अफगाण तोफांच्या धातूतून बर्मिंगहॅमच्या जेनकिन्स कारखान्याने तारे बनवले, त्यांवरही हीच विभागणी दिसते: गोऱ्यांची नावे ठोकलेली, हिंदी लोकांची कोरलेली. तीस वर्षांच्या अंतराने, दोन वेगळ्या वस्तूंवर, तोच फरक. याचा अर्थ असा की यादी दोन वेगळ्या मार्गांनी गेली आणि नाव दोन वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या हातांनी घातले गेले. एकाच मैदानात, एकाच तोफखान्याच्या माऱ्यात उभ्या राहिलेल्या दोन माणसांना कचेरीने दोन वेगवेगळ्या दारांतून आत घेतले, आणि दार कोणते होते ते अक्षराच्या खाचेवरून आजही कळते. पलटणींचे इतिहासग्रंथ हे सांगत नाहीत, कारण लिहिणाऱ्यांना ते सांगण्यासारखे वाटलेच नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा: हे सगळे खरे असले तरी रेघ लांब की आखूड यात इतिहास किती आणि बाजारभाव किती? बाजाराला बारकावे लागतात, कारण दुर्मीळ प्रकाराला जास्त पैसे मिळतात. आक्षेपात तथ्य आहे. लांब रेघेच्या आणि आखूड रेघेच्या पदकांतून वऱ्हाडबद्दल काही वेगळे निघते असा दावा मीही करणार नाही. पण सगळ्या खुणा सारख्या वजनाच्या नसतात, आणि कोणती खूण कोणत्या प्रश्नाला उत्तर देते हे पाहिल्याशिवाय सगळ्याच निरुपयोगी ठरवणे बरोबर नाही. याचे उत्तम उदाहरण वऱ्हाडचेच नाव कडेवर असलेल्या पदकांत आहे.

निजामाच्या नावाने उभी राहिलेली, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची हैदराबाद कंटिंजंट ही फौज अचलपूर, हिंगोली, जालना, औरंगाबाद अशा छावण्यांत असे. आजचे परतवाडा हे अचलपूरच्या त्या छावणीचे गाव. १८५७-५८ मध्ये ही फौज सर ह्यू रोजबरोबर मध्य हिंदुस्थानात लढली आणि तिच्या शिपायांना त्या मोहिमेचे पदक मिळाले. १९०३ मध्ये कंटिंजंट ब्रिटिश हिंदी लष्करात विलीन झाली आणि तिच्या पायदळाच्या सहा पलटणींना ९४ ते ९९ असे नवे क्रमांक पडले. तिसऱ्या पलटणीचे नाव झाले ‘९६ बेरार इन्फन्ट्री’. १९२२ मध्ये पुन्हा फेररचना झाली आणि ती १९ व्या हैदराबाद रेजिमेंटची दुसरी बटालियन बनली. ती रेजिमेंट १९४५ मध्ये कुमाऊं रेजिमेंट झाली आणि तिच्या दुसऱ्या बटालियनने ‘बेरार’ हे नाव जवळ ठेवले. म्हणून कडेवरची पलटणीची अक्षरे हीच पदकाची तारीख असते. १९०३ पूर्वीच्या पदकावर हैदराबाद कंटिंजंट, १९०३ ते १९२२ च्या पदकावर ९६ बेरार, पुढे १९ हैदराबाद. समजा, १८८५ ते १८८७ च्या ब्रह्मदेश मोहिमेची पट्टी असलेल्या पदकाच्या कडेवर ९६ बेरार असे आढळले, तर नाव मोहिमेनंतर किमान सोळा वर्षांनी घातलेले आहे. ते उशिरा केलेल्या दाव्यामुळे असू शकते, हरवलेल्या पदकाच्या बदल्यात दिलेले असू शकते, किंवा विकण्यासाठी केलेली लबाडी असू शकते. निकाल लागायला यादी पाहावीच लागेल, पण शंका उभी करण्याचे काम कडेने केले. ही पारख छंद म्हणून सोडून देण्यासारखी नाही. पलटणींची नावे कधी बदलली, हे माहीत असल्याशिवाय ती करताच येत नाही.

आणि इथेच मला वऱ्हाडच्या वाचकाला एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. कडेवर ‘बेरार’ दिसले म्हणून तो शिपाई वऱ्हाडचा होता असे समजू नये. कंटिंजंटची पायदळ पलटणे मोठ्या प्रमाणावर उत्तरेकडच्या रजपूत, जाट, अहीर अशा जातींतून आणि मुसलमानांतून भरली जात. तेल्हारा किंवा दर्यापूरच्या शेतकऱ्याचा मुलगा तिच्यात सहसा नसे. वऱ्हाडचा या फौजेशी संबंध होता तो पैशाचा. २१ मे १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड कंपनीच्या हवाली केला, तो याच फौजेचा खर्च भागवण्यासाठी. तहात फौजेचे आकडेही ठरले: किमान ५,००० पायदळ, २,००० घोडदळ आणि मैदानी तोफांच्या चार बॅटऱ्या. अडगावच्या पट्ट्या ज्या काळात मंजूर होऊन वाटल्या जात होत्या, त्याच काळात कंटिंजंटच्या थकलेल्या पैशांसाठी निजामावर दबाव चालू होता. म्हणजे परतवाड्याच्या छावणीत कूच करणाऱ्या त्या शिपायाचा पगार कापसाच्या काळ्या रानांच्या साऱ्यातून निघत होता, आणि सारा भरणाऱ्याचे नाव कडेवर येण्याचा प्रश्नच नव्हता. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने निजामाकडून वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने, सालीना २५ लाखांवर घेतला, आणि पुढच्याच वर्षी फौजेच्या नावात ‘बेरार’ हा शब्द आला. ज्या मुलखाने पन्नास वर्षे खर्च सोसला त्याचे नाव पलटणीला मिळाले, तेव्हा तो मुलूख तिचा खर्च सोसण्याच्या बंधनातून मोकळा झाला होता. ही सालांची सरळ जुळणी आहे. ती पलटणीच्या नावावरून सुरू होते आणि वऱ्हाडच्या जमाखर्चात जाऊन थांबते.

टांकसाळीच्या खुणाही अशाच वाचता येतात. मोहिमांची पदके लंडनमध्ये पडत आणि कलकत्त्यातही. १९०८ च्या हिंदुस्थान सेवा पदकात लंडनच्या मालावर कडीला धरणारे आकडे नक्षीचे असतात आणि कलकत्त्याच्या मालावर साधे. त्याआधी, १७९९ च्या श्रीरंगपट्टण विजयाची पदके बर्मिंगहॅमच्या सोहो टांकसाळीत ४८ मिलिमीटर व्यासाची पडली आणि कलकत्त्यात ४५ मिलिमीटरची. मापपट्टी लावली की कुठली ते कळते. मराठ्यांशी थेट जोडलेले आणखी एक पदक म्हणजे १८४३ चा ग्वाल्हेर तारा. २९ डिसेंबर १८४३ ला महाराजपूर आणि पन्न्यार इथे एकाच दिवशी शिंद्यांच्या फौजेशी लढाया झाल्या, आणि हाती आलेल्या तोफांचे कासे वितळवून कलकत्त्याच्या टांकसाळीने तारे केले. ते आधी अंगरख्याला मागच्या आकड्याने अडकवायचे होते. लोकांनी नंतर आपापल्या सोनाराकडून कड्या लावून घेतल्या, म्हणून त्यांच्या कड्या दहा तऱ्हांच्या आहेत आणि त्यांतली एकही ‘चुकीची’ नाही. इथे कडीवरून अस्सल-नक्कल ठरवू पाहणारा फसेल. खुणेचा अर्थ पदकागणिक बदलतो, आणि म्हणूनच पाठ केलेल्या नियमांपेक्षा त्या पदकाच्या घडणीचा इतिहास जास्त उपयोगी पडतो.

धातू हीसुद्धा खूणच. १८८५ पासून हिंदुस्थानच्या मोहिमांत शिपायाला चांदीचे आणि छावणीबरोबर चालणाऱ्या भिश्ती, डोलीवाहक, गाडीवान अशा लोकांना काशाचे पदक देण्याची रीत सुरू झाली. १९०३-०४ च्या तिबेट पदकातही ती दिसते. पहिल्या महायुद्धात हिंदी मजूर तुकड्यांना ब्रिटिश वॉर मेडल काशाचे मिळाले. ठसा तोच, चेहरा तोच, धातू वेगळा. पाणी वाहणारा माणूस गोळीच्या माऱ्यात उभा असेल, पण त्याच्या पदकाला चांदीची किंमत नव्हती. यातून एक उलट परिणाम झाला, जो मला महत्त्वाचा वाटतो. चांदीच्या पदकात दोन कलदार रुपयांहून जास्त चांदी असे, म्हणून घरात अडचण आली की ते सराफाच्या तराजूत जाई आणि मोडीच्या भावाने वितळे. काशाला मोड नव्हती, म्हणून ते पेटीच्या तळाशी राहू शकले. आज कुठल्या घरात काय उरले आहे हे पाहून फौजेत कोण किती होते असा हिशेब मांडणे म्हणूनच धोक्याचे आहे. गरिबीने चांदी आधी बाहेर काढली.

दुसरा आक्षेप जास्त कठीण आहे: पदके नकली बनतात, नावे खरवडून दुसरी घातली जातात, पट्ट्या बदलतात, अशा वस्तूवर इतिहास उभा करायचा कसा? खरे आहे. जुन्या ठशांवरून नंतर पाडलेली पदकेही बाजारात आहेत. पण बारकावे ओळखण्याची गरज याच आक्षेपातून सिद्ध होते. कड खरवडली की पदकाचा व्यास किंचित कमी होतो; व्हर्नियर कॅलिपर लावून दोन-तीन दिशांनी माप घेतले तर फरक हाती लागतो. नव्या नावाच्या जागी कड सपाट आणि जास्त चकचकीत असते, जुन्या अक्षरांचे तळ कधी कधी भिंगाखाली अजून जाणवतात. साच्यात ओतलेल्या नकलेच्या पृष्ठभागावर बारीक छिद्रे असतात, तिची अक्षरे मऊ, गोलसर पडतात, देवतेच्या पंखांच्या रेषा फिक्या होतात. शेवटची कसोटी कागदाची: इंडिया ऑफिसची कागदपत्रे आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत, आणि कडेवरचे नाव पदकांच्या यादीत त्या पट्टीसमोर सापडले पाहिजे. कागद खोटा ठरू शकतो म्हणून कोणी दप्तरखाना बंद करत नाही. बनावट सनदा आणि मागाहून घातलेल्या तारखा यांतूनच मराठी इतिहाससंशोधनाने आपली शिस्त घडवली. तीच शिस्त धातूला लावायची आहे, एवढाच फरक.

तिसरा आक्षेप मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण तो केवळ तंत्राचा नाही. ही जिंकणाऱ्यांची वस्तू आहे. वऱ्हाडने तिच्याकडे का पाहावे? अडगावच्या मैदानात मेलेल्या अरबांना, गाविलगडच्या दारात पडलेल्या बेणीसिंगाला, भोसल्यांच्या तोफांजवळ शेवटपर्यंत थांबलेल्या गोलंदाजांना पट्टी नाही, कड नाही, यादी नाही. मराठी राज्यात पराक्रमाला वस्त्रे, शिरपाव, पालखी, इनाम मिळे. त्यांतली वस्त्रे विरली, इनामे फेरफारात बदलत गेली, आणि हरलेल्या बाजूला तर तेही मिळाले नाही. म्हणून पदकांवरून लिहिलेला इतिहास एका बाजूचा होणार, हे मान्यच करायला हवे. पण पदकाकडे पाठ फिरवल्याने दुसरी बाजू बोलू लागत नाही. उलट, पदक बारकाईने वाचले की त्या बाजूचे मौन कुठे सुरू होते ती जागा नेमकी दाखवता येते. जिंकणाऱ्यांच्या आतही हिंदी शिपाई आणि गोरा सैनिक, शिपाई आणि भिश्ती, अर्ज करू शकलेला आणि न शकलेला, असे थर होते. ‘इंग्रजांनी अडगाव जिंकले’ या एका वाक्यात हे थर नाहीसे होतात. त्या फौजेतला बहुतांश माणूस हिंदीच होता, आणि त्याच्या पदकाची खाच वेगळी होती. त्याचा अर्ज कुठल्या टेबलावरून गेला हे विचारणे हाही वसाहतीच्या राज्याचा अभ्यास आहे.

वऱ्हाडातल्या घरात खरोखर वऱ्हाडच्याच माणसाचे पदक सापडण्याची शक्यता मला दुसऱ्या महायुद्धाच्या पदकांत जास्त दिसते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची लष्करभरती बंद झाली होती. १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली, पण युद्धानंतर ती मोडली. व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर आल्यावर डॉ. आंबेडकरांनी महारांच्या भरतीचा आग्रह धरला, त्याला यश आले आणि १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. दुसरी बटालियन नागपूरजवळ कामठीला. या युद्धातले तारे आणि वॉर मेडल ब्रिटनच्या सैनिकांना बिनानावाचे मिळाले, तर हिंदी लष्करातल्यांच्या पदकांच्या कडेवर आणि ताऱ्यांच्या पाठीवर क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत घालून दिली गेली. इंग्लंडातल्या घराला पेटीतल्या पदकावरून आजोबा कुठल्या पलटणीत होते ते सांगता येत नाही, आपल्याकडच्या घराला येते. अट एवढीच की ती कड चिंच-लिंबाने वा ब्रासोने घासून गुळगुळीत झालेली नसावी. तारा चकाकतो, पण त्याच्या पाठीवरचा क्रमांक गेला तर पलटणीच्या दप्तरातल्या त्या माणसाच्या नोंदीपर्यंतची वाटही बंद होते. संग्रहालयांत मात्र अशा पदकांची मांडणी आजही चेहरा वर आणि कड मखमलीत दाबलेली अशीच असते. पदक आडवे न ठेवता उभे केले, खाली आरसा लावला आणि चिठ्ठीवर युद्धाच्या नावाबरोबर कडेवरचा मजकूर जसाच्या तसा उतरवला, तर अकोला-अमरावतीच्या माणसाला आपला माणूस त्या पेटीत शोधता येईल.